वाळूला शीग न्हाय

तुमी आता ज्या जमिनीवर बसलाय ना, ती किती भरीव हाय न् किती पोकळ, हे जन्मात कधी कुणाला इचारलंय का? न्हाय ना. घर बांधताना मुहूर्त इचारता, दार कुठल्या तोंडाला ठेवायचं ते इचारता, खालच्या मातीला मातूर कुणी काय इचारत न्हाय. मी बी इचारलं नसतं. पण माझी अर्धी जवानी ह्याच एका सवालावर गेली, म्हणून सांगते, जरा नीट बसा, वही उघडा, च्या येतोय.

मी गजराबाई. माहेर माझं लोणी भापकरचं, बारामतीच्या अंगाला. वडलांची मोटंची इहीर व्हती, वांगी, मिरच्या, गवार, घेवडा, आसलं माळवं काढायचं न् गाडीत घालून बारामतीच्या बाजारला न्यायचं, आई वाटं लावून इकायची, मी तिच्या शेजारी बसून बघायची. लगीन होऊन आले ती हितं शेळगावात, इंदापूर तालुक्यात. आता लोकांना वाटतं बारामती न् इंदापूर म्हंजी सगळा बागाईत मुलूख, तवा तसं नव्हतं, पाटाच्या खाली हिरवंगार न् पाटाच्या वर उघडंबोडकं माळ, एकाच शिवारात दोन देश असल्यावानी. आमचं सासर पाटाच्या वरचं. काय सांगू तुमाला, माहेरी खळखळ पाणी बघितल्याली मी, हितं आल्यावर आंघोळीचं पाणी जपून वापरून तेच परत भोपळ्याच्या येलाला घालायला शिकले.

सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची, गाव त्यांना तात्या म्हणायचं. बारामतीच्या पेठंत मापाडी व्हते. तुमच्या पिढीला मापाडी ठावं नसंल. धान्य मोजणारा माणूस. शेतकऱ्याचा न् व्यापाऱ्याचा, दोघांचा बी इश्वास ज्याच्या हातावर, तो मापाडी. तवा वजनावर थोडंच चालायचं, मापावर चालायचं, चिपटं, मापटं, शेर, पायली. पायली राशीत घालायची, भरून वर काढायची, पोत्यात उलटी करायची न् सुरात मोजायचं, पहिल्या पायलीला एक म्हणायचं न्हाय, लाभ म्हणायचं, लाभ, मंग दोन, मंग तीन. आमचे मामंजी मोजायला बसले की आजूबाजूचे दुकानदार गप ऐकत बसायचे म्हणं, आसा आवाज. आणि त्यांचा एक नेम व्हता. माप भरलं की बाजूला तळहातानं थाप मारायची, दाणं खाली बसायचं, वर जागा व्हायची, तितं आणखी घालायचं, पुन्हा थाप, आणि मंग वर टेकडीवानी निमुळतं टोक काढायचं, त्याला शीग म्हणत्यात. शीग लावल्याबिगर माप द्यायचं न्हाय. थाप मारून भरलं तर न्याय न् सुटं भरलं तर चोरी, हे त्यांच्या डोक्यात आसं बसलेलं की घरात मला भाकरीचं पीठ काढून दिलं तरी वाटीला थाप मारायचे. आत्याबाई, म्हंजी माझ्या सासूबाई, हसायच्या, म्हणायच्या, आवं, पीठ हाय त्ये, झोपंतनं उठवताय व्हय त्याला.

मंग हळूहळू पेठंत तराजू आलं, वजनकाटं आलं, मापाची पायली कोपऱ्यात पडली. मामंजी शेळगावात येऊन बसले. बसले म्हंजी बसलेच. ज्या हाताला दिसभर काम, तो हात मांडीवर पडून ऱ्हायला की माणूस कसं दिसतं तुमाला सांगता येत न्हाय मला. आणि आमचे मालक, मी त्यांचं नाव घेत न्हाय, गाव त्यांना शिवराम म्हणायचं, ते दर साली कारखान्याच्या तोडीला जायचे, दसऱ्यानंतर गेलेले उन्हाळ्यात परत यायचे, उसाच्या पाचटाच्या खोपटात ऱ्हायचे. लगीन झालं न् माझा नवरा मला पावण्यावानी दिसायचा. दोन येळा तर मी बी संगं गेले, तितल्या चिखलात, थंडीत, आणि परत आले ती मनाशी ठरवूनच, की पोटात ल्योक असू दे न्हायतर लेक, ती त्या खोपटात वाढवायची न्हाय.

ते दिवस कसले म्हणाल तर गावोगाव संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, चावडीवर भाषणं, भिंतीवर चुन्यानं लिहिल्यालं, पोरं घोषणा देत हिंडायची. आणि त्याच सुमाराला गावाच्या वरच्या अंगाला, ओढ्यावर, तलावाचा बांध घालायचं काम निघालं. मातीचा बांध. सिमिट न्हाय, चुना न्हाय, नुसती माती. पोटात काळी माती न् दोन्ही अंगानं मुरमाचं कवच. आमच्या मालकांनी गावातली माणसं बाया गोळा करून टोळी केली, मुकादम झाले, तोडीला जायचं बंद झालं, न् माझी लेक, पहिली, बांधावर बाभळीला बांधलेल्या झोळीत वाढली. माझ्या आयुष्यातले सगळ्यात बरे दिवस कुठले इचारलं तर मी तेच सांगीन. नवरा घरचा, पोरगी डोळ्यापुढं, न् दिस मावळला की स्वतःच्या चुलीवर भाकरी. आणखी काय लागतं वो माणसाला.

काम कसं, तर माती आणून वीतभर जाडीचा थर द्यायचा, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, मंग बैलांनी दगडी रूळ फिरवायचा, न् जितं रूळ जात न्हाय तितं आमी बाया धुमस घेऊन ठोकायच्या. धुमस म्हंजी लाकडाचा ठोकळा, उभा दांडा, दोघींनी उचलायचा न् सोडायचा. संगं गाणं. आमच्यात चंद्राक्का म्हणून एक बाई व्हती, तिच्या तोंडाला मुसकं नव्हतं, ती गाणं म्हणता म्हणता मधीच साहेबाला बी गुंफायची, न् मुकादमाला, म्हंजी माझ्या नवऱ्याला, तर रोजच.

साहेब म्हंजी वैद्यसाहेब, ओव्हरशियर, कोवळा गडी, पुण्याकडनं आल्याला, कानामागं पेन्शिल. बांधाच्या खाली त्यांचा तंबू. त्यात एक काटा, एक स्टो, पत्र्याचं डबं न् बाटल्या. पहिल्या दिवशी त्यांनी बांधावरची ओली माती डबीत घेतली, काट्यावर तोलली, मंग स्टोवर भाजली, पार कोरडी केली न् पुन्हा तोलली. आमी बाया तंबूच्या दारात ही गर्दी. चंद्राक्का म्हणाली, गजरे, बघ गं, साहेब मातीचं भरीत करतोय. तर साहेब चिडले न्हाईत. म्हणाले, बाई, कमी झालं ते वजन पाण्याचं. त्या पाण्याला कोरड्या मातीनं भागायचं, म्हणजे मातीत ओल किती ते कळतं. ओल्या मातीनं भागायचं नाही बरं का, कोरडीनं, कारण कोरडी माती बदलत नाही, पाणी येतं आणि जातं. मला ते लई आवडलं. पाणी येतं न् जातं, माती ऱ्हाते.

आणि ओल कशाला बघायची, तर माती कोरडी आसंल तर ठोकून बी बसत न्हाय, ढेकळं एकमेकाला धरत न्हाईत, न् लई ओली आसंल तर धुमस मारली की रबरावानी उसळती, पाण्यालाच जागा लागती तर माती कुठं बसणार. मधी एक बेताची ओल असती, तितं माती आपसूक घट्ट बसती. आमाला बायांना ते सांगायला लागलं न्हाय, पीठ मळताना हात सांगतोच. पण साहेबाला आकड्यात पायजे व्हतं. ते म्हणायचे, हात माझ्याबरोबर मरेल, आकडा मागं राहील.

आता खरी गोष्ट. नुसती ओल कळून भागत न्हाय, माती बसली किती घट्ट ते कळाया पायजे. त्याच्यासाठी बांधावर खड्डा घ्यायचा, तांब्यायवढा, त्यातली सगळी माती, कण न् कण, डब्यात गोळा करून तोलायची. वजन कळालं. पण खड्डा किती मोठा ते कसं कळणार? वेडावाकडा खड्डा, त्याला पट्टी लावता येत न्हाय. तर साहेबाकडं नदीची बारीक वाळू व्हती, धुतल्याली, वाळवल्याली, चाळल्याली, एका मापाची. ती डब्यातनं खड्ड्यात सोडायची, काठोकाठ भरायची, न् किती वाळू गेली ते तोलायचं. त्या वाळूची यवढी जागा यवढ्या वजनाला, हे साहेबांनी आधीच ठरवून ठेवल्यालं. म्हंजी वाळूवरनं खड्ड्याची जागा कळाली, मातीच्या वजनाला जागंनं भागलं की मातीची घनता कळाली, त्यातनं ओल वजा केली की कोरड्या मातीची घनता. तो आकडा ठरल्याल्यापेक्षा खाली आला की थर उकरायचा न् पुन्हा घालायचा. सोपं हाय बघा.

एकट्या साहेबाला सगळं उरकंना. तंबूत तोलायचं, भागाकार करायचं, न् वर बांधावर वाळू बी सोडायची. त्यांनी आमच्या मालकांना इचारलं, स्थिर हाताचा, विश्वासाचा माणूस आहे का कोणी? ह्यांनी मामंजींना उभं केलं. साहेब म्हणाले, तात्या, तुम्ही काय करत होता? मामंजी म्हणाले, मोजत व्हतो. बास, यवढंच. साहेबांनी त्यांना सगळं दाखवलं, सांगितलं की वाळू आपल्या आपण पडू द्यायची, भरली की पट्टीनं सपाट करायची. मामंजी मान हलवत व्हते. दुसऱ्या दिवसापास्नं डोक्याला पागोटं बांधून, आंगरखा घालून ते बांधावर. आवो, कुणाला वाटावं देवाच्या पूजेला निघालाय. आत्याबाई म्हणाल्या, बघ गजरा, त्यांचा हात पुन्हा जिता झाला.

आणि तितनं आमचं नशीब फिरलं.

पहिल्या दिवशीचे खड्डे, माती बसलेली नाही. दुसऱ्या दिवशीचे, माती बसलेली नाही. साहेब पेन्शिल चावत खालनं वर यायचे, वरनं खाली जायचे. आमाला कळंना. इतकं पाणी मारलंय, इतकं ठोकलंय, हाताला फोड आल्यात, पायानं दाबून बघितलं तर दगडावानी लागतंय, न् तंबूतनं निरोप येतोय की पोकळ हाय. साहेबांनी आणखी रूळ फिरवाया सांगितला, फिरवला, तरी आकडा तसाच. शेवटी त्यांनी ह्यांना बोलावलं न् सांगितलं, शिवराम, मोठे साहेब येणार आहेत. त्यांनी कळवलंय की एवढ्या भागाचा आकडा खाली येत असेल तर सगळा उकरा आणि टोळी बदला. माझ्या हातात काही राहिलं नाही.

टोळी बदला. तुमाला ते दोन शब्द. मला त्यात पाचटाचं खोपटं दिसलं, चिखल दिसला, माझी लेक दिसली. ह्ये घरी आले, भाकरी मोडली न् तशीच ठिवली. म्हणाले, तोडीची बैलं बघाया पायजेत. मी नुसती चुलीत लाकूड सारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर कुणाच्या तोंडात गाणं न्हाय. मामंजी खड्ड्यात वाळू सोडत व्हते. साहेब सुतकी तोंड करून बांधाच्या कडंला उभं. मामंजींनी वाळू भरली, खड्ड्याशेजारी जमिनीवर तळहातानं थाप मारली, वाळू खाली बसली, वर आणखी घातली, पुन्हा थाप, पुन्हा घातली, न् मंग पट्टी फिरवली. चंद्राक्काला रडत बसणं ठावंच नव्हतं. ती कमरेवर हात ठिवून म्हणाली, आवं तात्या, बारामतीच्या पेठंत शेतकऱ्याला शीग लावायचा, आता साहेबाच्या वाळूला बी लावताय व्हय? पोत्यात भरून घरला न्हेणार हाय का त्ये?

बाया हसल्या. साहेब हसलं न्हाईत. साहेबांनी मान वळवली न् म्हणाले, काय म्हणालात? चंद्राक्का टरकली, पदर तोंडाला लावला. साहेब मामंजींपुढं उकिडवं बसलं न् म्हणाले, तात्या, आत्ता केलं ते पुन्हा करून दाखवा. मंग एक रिकामा डबा आणवला, त्यात आधी स्वतः वाळू सोडली, थाप न्हाय, काय न्हाय, न् तोलली. मंग तोच डबा मामंजींना भराया लावला, त्यांच्या पद्धतीनं, न् तोलली. काट्याचं पारडं खाली गेल्यालं आमी सगळ्यांनी बघितलं. डबा तोच, वाळू जास्त.

साहेबांनी कानामागची पेन्शिल काढून दोन्ही वजनं लिहिली. मंग त्यांनी आमाला सगळ्यांना जवळ बोलावून समजावलं. वाळूच्या कणाकणात बी मोकळी जागा असती. सुटी सोडली तर जागा जास्त, थाप मारली की कण एकमेकात बसत्यात न् जागा कमी हुती, मंग त्याच खड्ड्यात वाळू जास्त मावती. वाळू जास्त गेली म्हंजी कागदावर खड्डा मोठा झाला. खड्डा मोठा न् माती तेवढीच, म्हंजी माती पोकळ. बांध घट्ट व्हता, तात्यांच्या थापंनं तो कागदावर पोकळ झाला. साहेब म्हणाले, तात्या, चूक माझी आहे, पहिल्या दिवशी मी तुमच्या शेजारी बसायला पाहिजे होतं. धान्याला शीग असते. वाळूला शीग नाही.

मामंजी स्वतःच्या तळहाताकडं बघत ऱ्हायले. सगळ्या जन्माचं पुण्य म्हणून जे केलं, त्याचं आज हे आसं निघालं. चंद्राक्काच त्यांच्याजवळ गेली, म्हणाली, तात्या, माझ्या तोंडाला काडी लागो. ते म्हणाले, न्हाय गं बाय, तुझ्याच तोंडानं वाचलो.

साहेबांनी ठरवलं, मोठे साहेब यायच्या आत सगळे खड्डे पुन्हा घ्यायचे. आनंदीआनंद झाला बघा. पण त्याच सांजंला घरात दुसरंच निघालं. जेवायला बसल्यावर ह्ये मामंजींना म्हणाले, तात्या, ओढ्याच्या तोंडाजवळचा तुकडा. मामंजी म्हणाले, त्याचं काय? ह्ये म्हणाले, तितं जरा हात आखडा, वाळू काठाला यायच्या आत थांबा. थाप मारून वाळू जास्त जाती तर आखडून सोडली तर कमी जाणार, व्हय का न्हाय, मंग खड्डा बारका न् माती घट्ट, कुणाला काय कळतंय.

मला कळंना हे काय चाललंय. मंग कळालं. मी माहेरच्या जत्रंला लोणीला गेले व्हते तवाची गोष्ट. पाणी आणणाऱ्या गाड्या जत्रंला गेलेल्या, माणसं कमी, न् साहेब वरिष्ठांकडं गेल्यालं. काम मागं पडाया नको म्हणून ह्यांनी त्या तुकड्यात कोरडीच माती टाकली, वीतभराच्या जागी हातभर, ढेकळं बी फोडली न्हाईत, वरनं तेवढं पाणी मारून रूळ फिरवला. वरनं दगड, आतनं काय देव जाणं. आणि तुकडा कुठला, तर ऐन ओढ्याच्या तोंडाचा, जितं तलावाचं सगळं पाणी टेकणार. त्याच्या खाली आमचाच गुरांचा वाडगा, आमच्याच भावकीची घरं.

मामंजी म्हणाले, शिवा, मी जन्मात माप मारलं न्हाय. ह्ये म्हणाले, मग आता मारा, तुमच्या थापंनी आमाला घालवलंच व्हतं, आता तेवढं भरून द्या. मला वाईट वाटलं, पण खरं सांगते, वाईट वाटून बी माझ्या मनात आलं, की आखडला हात तर काय बिघडतंय, टोळी ऱ्हाईल, माणूस घरी ऱ्हाईल. मामंजींनी ताट सारलं, हात धुतला, न् यवढंच म्हणाले, गजरा, भाकरी चांगली झाली व्हती.

सकाळी खड्डे सुरू झाले. मामंजींनी उजवा हात पाठीमागं धरला, थाप मारायची हौस त्या हाताला येऊ नये म्हणून, न् डाव्या हातानं डबा धरून वाळू सोडाया लागले. पहिला खड्डा, माती बसली आहे. दुसरा, बसली आहे. बाया एकमेकीच्या पाठीवर मारत व्हत्या. आसं करत करत सगळे ओढ्याच्या तोंडाशी आले. ह्ये मामंजींच्या डोक्याशी उभे. खड्डा घेतला, माती डब्यात भरली, मामंजी वाकले न् वाळू सोडली.

वाळू जाया लागली. बाकीच्या खड्ड्यांना लागली तेवढी गेली, खड्डा भरंना. आणखी गेली, भरंना. ढेकळाढेकळातनं वाटा व्हत्या आत, वाळू त्यात पाण्यावानी शिरत व्हती. ह्ये दबक्या आवाजात म्हणाले, तात्या, बास करा. मामंजींचा हात हालला न्हाय. ह्ये पुन्हा म्हणाले, तात्या, पाया पडतो. डबा हलका हलका होत गेला. वाळूचा तेवढा बारीक आवाज, सुर्रर्र. काठाला वाळू दिसाय लागली तवा मामंजींनी डबा उचलला, पट्टी फिरवली न् म्हणाले, साहेब, भरला. ना वर, ना खाली.

आकडा काढायची बी गरज नव्हती. तरी साहेबांनी काढला. काढून म्हणाले, शिवराम, हा तुकडा उकरावा लागेल.

आमच्या मालकांनी फावडं फेकलं. सगळ्यांदेखत म्हणाले, बापानंच पोराच्या पोटावर पाय दिला. आणि माळाकडं चालाय लागले. मामंजी तितंच बसून ऱ्हायले, पागोट्याचा शेव तोंडावर धरून. साहेब माझ्याकडं बघून म्हणाले, वहिनी, मोठे साहेब यायला अजून थोडा अवकाश आहे. त्याआधी टोळीनं आपल्या हातानं उकरून नीट केलं तर मी सांगेन की चूक सापडली आणि सुधारली. तेवढं मला करता येईल. खोटं मला लिहिता येणार नाही.

पयली कुदळ चंद्राक्कानं उचलली. मंग मी. मंग सगळ्याच. वरचा थर निघाला न् खालनं ढेकळं निघाय लागली, नारळायवढी, पाण्याचा थेंब न लागल्याली, हाडावानी कोरडी. तवा ह्ये परत आले व्हते. कधी आले कळालं न्हाय. ते वाकले, दोन ढेकळांच्या मधी त्यांनी हात घातला, तर हात मनगटापोतर आत गेला. काढला न्हाय त्यांनी तो लवकर. तसेच बसले, हात आत घालून, न् मान वळवून खालच्या घरांकडं बघत. मंग हात काढला, माझ्या हातातली कुदळ घेतली, मला म्हणाले, पोरगी रडतीया, तिला घे. आणि उकराय लागले. बापाशी ते त्या दिवशी बोलले न्हाईत, दुसऱ्या दिवशी बी न्हाईत. पण तो तुकडा भरताना प्रत्येक थराला ते स्वतः मामंजींना हाताला धरून आणायचे न् खड्डा दाखवायचे. त्येच त्यांचं बोलणं.

मोठे साहेब बघून गेले, टोळी ऱ्हायली. बांध पुरा झाला. पुढं हस्ताचा पाऊस आसा कोसळला की ओढा दोन्ही काठ सोडून आला, पाणी बांधाला येऊन टेकलं. सकाळी सगळा गाव बांधावर. खालच्या अंगानं हात लावून बघत व्हतो, कुठं ओल येतीया का. ओढ्याच्या तोंडाशी बघितलं, कोरडं. ह्ये त्यांच्या शेजारी जाऊन बसले, तंबाखूची चंची काढली न् आधी बापापुढं धरली.

गेले सगळे आता. मामंजी गेले, ह्ये गेले, चंद्राक्का गेली. वैद्यसाहेबांची बदली झाली, जाताना त्यांनी मामंजींच्या पायाला हात लावला, पुढं कुठं गेले कळालं न्हाय. पाणी आलं, माळ हिरवा झाला, खाली डाळिंबं आली. पाणी सोडायच्या दिवशी मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, हार आणलं, न् ज्या बायांनी धुमस मारून बांध बसवला त्यांना पोलिसानं दोरीच्या पलीकडं उभं केलं, ते बी सांगून ठिवते, लिहा. चंद्राक्का दोरीपलीकडनं वरडली, साहेब, बांध दोरीच्या ह्याच अंगाला हाय वो. तरी बी मी म्हणते ते दिवस गोड व्हते. खोटा आकडा लिहिणार न्हाय म्हणणारा साहेब व्हता, न् तो आकडा आपल्याच पोरावर उलटला तरी हात न आखडणारा माणूस माझ्या घरात व्हता. त्यांची आठवण आली की अजून बी मला माझंच घर भरल्यावानी वाटतं.

परवा नातवानं मला गाडीवरनं न्हेलं, नव्या रस्त्याचं काम चालल्यालं. मी म्हणलं थांब रं जरा. तर वाळूचा डबा तसाच झाडाखाली, त्याला जळमटं, न् दोन पोरं गाडीत बसून कागदावर आकडे भरत्यात. मी इचारलं, बाळा, खड्डा कुठं घेतलाय? ते म्हणालं, आजी, तुमाला त्यातलं काय कळतंय. मी म्हणलं, थोडं कळतं. नातवाला लाज वाटली, त्यानं गाडी काढली. मला मातूर त्या रस्त्यावरनं जाणाऱ्या पोरांच्या एस्ट्या, गाड्या डोळ्यापुढनं जाईनात.

म्हणून तुमाला एक काम सांगते, नुसतं लिहून घरी जाऊ नका, न् हे जे कोण वाचंल त्यानं बी नुसतं वाचून ठिवू नये. तुमच्या गावात रस्ता होत आसंल, बांध होत आसंल, पोरांची शाळा बांधत आसतील, तितं जावा. उभं ऱ्हावा. इचारा, मातीची तपासणी कधी केली, खड्डा कुठं घेतला, तो आमच्या म्होरं घ्या. हाकलतील, हसतील, तुमाला काय कळतंय म्हणतील. हलायचं न्हाय. मला आता चालवत न्हाय, न्हायतर मीच गेले असते. तुमी उद्या सकाळीच जावा, न् एकटं जाऊ नका, शेजारणीला बी संगं घ्या.